मिठाची वाट

जबलपूरहून डिंडोरीकडे निघालं की चाळीस-पन्नास किलोमीटरवर कुंडम लागतं. डोंगराळ, जंगलाचा मुलूख. वस्ती बरीचशी गोंडांची. या भागातल्या आठवडी हाटात मोहफुलं, चारोळी, लाख विकायला येते आणि परतीच्या टोपलीत मीठ, तेल, कापड जातं. व्यापार मुळात का सुरू झाला, ते इथे लगेच कळतं. जंगल माणसाला जवळजवळ सगळं देतं, पण मीठ देत नाही. ते पिकतं समुद्रकाठी, नाहीतर राजस्थानातल्या सांभरसारख्या खाऱ्या सरोवरात. म्हणजे शेकडो किलोमीटरवरून कुणीतरी आणायलाच हवं.

आणत होते बंजारे. आपल्याकडचे लमाण. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला, असं अनेक अभ्यासक मानतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करतो. बैलामागे शंभरच किलो धरले तरी दहा हजार बैल म्हणजे एक हजार टन. आपल्या हिशेबात दहा टनी शंभर ट्रकांचा कॉन्व्हॉय! आणि इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य, कारण बैल वाटेवरच्या कुरणात चरायचे. चाल मंद, पण माल स्वस्त पोहोचायचा. पाऊस दगा देऊन कुरणं वाळली, की मात्र गणित कोसळायचं.

फौजांची रसदही याच तांड्यांवर चाले. मुघलांना धान्य पुरवणारे तेच, मराठ्यांना पुरवणारेही तेच. 1781 मध्ये गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेलं, 1817 च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांनी घेतलं. झेंडे बदलले तरी मिठाची गरज काही बदलली नाही. 1803 च्या मोहिमेत, ज्यात असईची लढाई झाली, आर्थर वेलस्लीसुद्धा धान्यासाठी बंजाऱ्यांवर विसंबून होता. तांडा लुटला तर पुढच्या मुक्कामी धान्य कोण आणणार, हे दोन्ही बाजूंना कळत होतं. म्हणून शत्रूच्या मुलखातूनही तांड्याला वाट मिळे.

हे चक्र थांबलं ते जबलपुरातच. 7 मार्च 1870 रोजी मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे इथे जोडली गेली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो समारंभाला हजर होते. आठवड्यांची वाट दिवसांवर आली. बैलांच्या पाठीवरचं ओझं वॅगनमध्ये गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा काही दशकांत बसला. पुढच्याच वर्षी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला आणि काही प्रांतांत तो बंजाऱ्यांच्या गटांवरही लावला गेला. ज्यांच्या भरवशावर फौजा चालल्या, त्यांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागली. हा कायदा गेला 1952 मध्ये.

मोठी बाजारपेठ पुढे रेल्वे स्टेशनाभोवती वाढली, पण रूळ प्रत्येक पाड्यापर्यंत जात नाहीत. शेवटचे काही कोस अजून हाटच सांभाळतो. रसदीच्या इतिहासात सेनापतींची नावं पानोपानी सापडतात. तांड्याचा प्रमुख मात्र नुसता ‘नाईक’ म्हणून येतो. आपल्या पलटणीतही ‘नायक’ हा हुद्दा आहेच, आणि काम त्याच्याशिवाय तिथेही हलत नाही.