बेळगावची शहरालगतची शेती

शहराच्या वेशीवर, मुख्यत्वे जवळच्या बाजारपेठेसाठी केली जाणारी शेती म्हणजे शहरालगतची शेती. बेळगावच्या दक्षिणेकडील शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव आणि येळ्ळूर ही शिवारे तिचे ठळक उदाहरण होत. येथील सुवासिक बासमती भात प्रसिद्ध आहे. भातकापणीनंतर त्याच ओलाव्यावर मसूर, वाटाणा, हरभरा घेतला जातो. पाण्याची सोय असेल तेथे भाजीपाला पिकतो. याच जिल्ह्यातील निपाणी भागाची ओळख मात्र तंबाखूमुळे झाली. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनामुळे ती देशभर पोहोचली.

बेळगाव परिसरातील भाजीवर गोव्याचे रोजचे जेवण मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. चोर्ला घाटातून येणारी ही भाजी गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवर बाजारभावापेक्षा कमी दरात मिळते. मार्च २०२० मधील टाळेबंदीत वाहतूक अडताच राज्यात भाजीचा तुटवडा जाणवला.

वाढत्या शहराचा ताण या शिवारांवर पडत आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात पिकांत शिरते. हलगा–मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी घेण्यास शेतकऱ्यांनी रस्त्यावर आणि न्यायालयात विरोध केला. अनुदानामुळे भाजीचा दर सामान्यांच्या आवाक्यात राहतो. पुरवठ्याची शाश्वती मात्र बेळगाव परिसरातील जमिनी शेतीखाली राहण्यावरच अवलंबून आहे.