लोकप्रियता कोण मोजतो, भार कोण वाहतो?

कोणते ओपन सोर्स सॉफ्टवेअर चांगले, असा प्रश्न निघाला की आपले तरुण लगेच आकडे पुढे करतात. याला गिटहबवर इतके स्टार, त्याचे इतके डाउनलोड. पण हा आकडा कोणी, कसा आणि कशासाठी मोजला? हे न विचारता तो स्वीकारणे म्हणजे चिकित्सा सोडून देणे होय.

इतिहास पाहा. डेबियन या लिनक्स प्रणालीत 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाचे पॅकेज आहे. पहिल्या सीडीवर कोणती पॅकेजेस ठेवावीत हे ठरवायला मदत व्हावी, हा त्याचा एक हेतू. एखादे पॅकेज किती संगणकांवर बसवलेले आहे आणि किती ठिकाणी ते नियमित वापरले जाते, हे ते वेगवेगळे मोजते. मात्र वापरणाऱ्याने 'हो' म्हटले तरच त्याची गणना होते. म्हणजे हा आकडा सर्वांचा नाही, होकार देणाऱ्यांचा आहे.

स्टार ही पसंतीची खूण आहे, वापराची नव्हे. डाउनलोडच्या आकड्यात माणसांसोबत यंत्रेही असतात. एकच सर्व्हर दिवसातून अनेकदा तेच पॅकेज आपोआप उतरवून घेतो आणि प्रत्येक वेळी आकडा वाढतो.

मग जे लोकप्रिय नाही ते बिनमहत्त्वाचे का? २२ मार्च २०१६ रोजी याचे उत्तर मिळाले. नावाच्या वादातून एका प्रोग्रामरने आपली सर्व पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. ते नाहीसे होताच 'बॅबेल'सारखे नामांकित प्रकल्प अडले. ते कोणी आवडीने निवडले नव्हते. दुसऱ्या पॅकेजच्या पोटातून ते सगळीकडे पोचले होते.

त्याआधी, एप्रिल २०१४ मध्ये, ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. इंटरनेटवरील गोपनीय व्यवहारांचा मोठा भाग या सॉफ्टवेअरवर उभा होता. त्याला देणग्या मिळत वर्षाला सुमारे २,००० डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक! बलाढ्य कंपन्या त्यावर व्यवसाय करत होत्या. पैसे द्यायची आठवण त्यांना दोष उघड झाल्यावर झाली. श्रम एकाचे आणि प्रतिष्ठा दुसऱ्याची, ही रचना आपल्याला अनोळखी नाही.

यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकारातून निधी उभा राहिला आणि २०१५ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांची एक गणना झाली. लक्षात घ्या, या गणनेत डेबियनचेच लोकप्रियतेचे आकडे वापरले गेले. फरक इतकाच, की त्यांच्या शेजारी दुसरे प्रश्न मांडले गेले: गेल्या १२ महिन्यांत यावर किती जणांनी काम केले? यात किती सुरक्षादोष सापडले? वापर प्रचंड आणि राबणारे हात थोडे, असे जिथे दिसले तिथे धोका मोठा मानला गेला.

म्हणून दोष आकड्याचा नाही, एकट्या आकड्याचा आहे. संघटनेच्या कामासाठी सॉफ्टवेअर निवडताना डाउनलोड जरूर पाहा. पण ते कोण सांभाळते, किती जण सांभाळतात आणि त्यांना काय मिळते, हेही विचारा. आणि ज्याच्या श्रमावर आपले काम चालते, त्याला मदत करा: चूक कळवा, मराठी भाषांतर द्या, कोड लिहा. केवळ स्टार देऊन ते ऋण फिटत नाही.