शिक्का

कोयनानगरला शेजारच्या काकूंकडे चांदीचं जुनं पंचपात्र पाहिलं. बुडाशी नखाएवढ्या चौकटीत दोन झिजलेली देवनागरी अक्षरं. ‘सराफाचा शिक्का आहे तो,’ काकू म्हणाल्या.

शब्द अरबीतला. ‘सिक्का’ म्हणजे मुळात नाणं पाडायचा ठसा. पुढे ते नाव ठशातून उमटलेल्या नाण्याला आणि टांकसाळीलाही मिळालं. व्हेनिसची टांकसाळ ‘झेक्का’, तिथलं सोन्याचं नाणं ‘झेक्किनो’. फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचेपर्यंत त्याचं ‘सीक्विन’ झालं; आज साडीवर चमचमते ती टिकली! मराठीत ‘शिक्का’ हा शब्द फारसीतून आला, दरबारी थाटात. पत्राच्या माथ्यावर शिक्का, मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे पुढे कुणी ओळ घुसडायला नको. त्या जोडीचं ‘शिक्कामोर्तब’ अजून बातम्यांत रोज भेटतं.

चांदीवर मात्र शिक्का कुणाचा, हे विचारावं लागतं. घडवणाऱ्याचा की विकणाऱ्याचा? भूजचे चांदीकारागीर उमरसी मावजी यांच्या कामावर ‘ओ. एम.’ ही कारागिराची अक्षरं सापडतात. पुष्कळ भांड्यांवर नुसती पेढी असते आणि घडवणारे हात अनाम राहतात. मला हे फार खटकतं. शुद्धतेचा शिक्का याहून वेगळा. इंग्लंडमध्ये १३०० साली शुद्ध चांदीवर बिबट्याचं मुख उमटवायचा कायदा झाला. १४७८ पासून तपासणी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये होऊ लागली, म्हणून ‘हॉलमार्क’.

आता आपल्याकडेही हॉलमार्क केलेल्या चांदीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ९२५ सारखा शुद्धतेचा आकडा असतो. गिऱ्हाईक विचारतं ते मात्र, ‘शिक्क्याची आहे ना?’