मराठी गूढकथेतील गॉथिक घटक आणि अनिश्चित कर्ता

सिहोरा हे गाव भंडारा जिल्ह्याच्या ज्या तुमसर तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यात अंबागडचा किल्ला आहे. इ. स. १७०० च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या आमदानीत, राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. कैद्यांना तेथील विहिरीचे साचलेले पाणी प्यावे लागे व ते लवकरच मरण पावत, अशी हकीगत सांगितली जाते.

पडका दुर्ग, बंदिवान आणि विषारी विहीर! युरोपीय गॉथिक कथेला लागणारी सर्व सामग्री येथे सिद्ध आहे. तथापि ही हकीगत वाचून आपणांस कैद्यांची कणव येते. उत्कंठा मात्र वाटत नाही. कोणी, काय व कोणास केले हे सर्व तीत सांगून झालेले असते. आता तीच हकीगत सिहोऱ्यातील एखाद्या ओसरीवर ‘त्या विहिरीवर म्हणे रात्री पोहरा वाजतो’ अशा वाक्याने सुरू झाली, अशी कल्पना करावी. किल्ला तोच, विहीरही तीच. परंतु श्रोता सावरून बसतो. हा फरक कशामुळे पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गॉथिक कथेचा आरंभ होरेस वॉल्पोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानतात. ॲन रॅडक्लिफ हिने ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) मध्ये वरकरणी अद्भुत वाटणाऱ्या घटनांचा शेवटी लौकिक उलगडा केला. एडगर ॲलन पो याने ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) या लघुकथेत तो उलगडा टाळला. येथून दोन वाटा फुटतात : एक रहस्य फोडणारी, दुसरी ते राखणारी.

मराठीतही या दोन्ही वाटा दिसतात. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीत संकटांची मालिका आहे. पण सज्जनांचे अखेर कल्याण होणार, ही वाचकाची खात्री ढळत नाही. ‘करमणूक’ (१८९०) व ‘मनोरंजन’ (१८९५) या नियतकालिकांनी लघुकथेस घर दिले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत गुन्हेगार सापडला की अंधार संपतो. गूढकथेचा अंधार तसा संपत नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी परदेशी भयकथांतील कल्पनाही मराठी वातावरणात रुजविल्या, तर रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मध्यमवर्गीय घर हेच भयाचे स्थान केले. मतकरींना दुर्ग लागला नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्थळ बदलले तरी परिणाम टिकतो. तेव्हा त्याचे मूळ केवळ स्थळात नसून कथनाच्या भाषेतही असले पाहिजे.

यासाठी तीन भाषिक विशेष पाहावे. पहिला, ‘उघडणे’ यासारखी क्रियापदे. ‘दार उघडले’ या वाक्यात दार आपोआप उघडले, की कोणी तरी उघडले? मराठीत हे क्रियापद सकर्मक व अकर्मक असे दोन्ही आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते. म्हणून कर्ता गाळला तरी वाक्याचे रूप बदलत नाही. कर्ता आहे की नाही, हाच प्रश्न उरतो.

दुसरा विशेष ‘ते आले’ या वाक्यात आढळतो. आदरणीय गृहस्थ आले, अनेक जण आले, की काही एक वस्तू आली? पूर्वीच्या लेखनात नपुंसकलिंगी एकवचन ‘तें आलें’ असे अनुस्वारांनी वेगळे राही. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि लिखित रूपे एक झाली. बोलण्यात ‘आलं’ हा भेद टिकला असला, तरी प्रमाण लेखनात लेखकास ही संदिग्धता अनायासे लाभली.

तिसरा विशेष म्हणजे ‘म्हणे’ हे पद. ते ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेले असले, तरी येथे त्यास कर्ता नसतो. ऐकीव माहिती सांगावी, पण तिची हमी घेऊ नये, हे त्याचे कार्य होय. वक्ता सत्याची जबाबदारी टाळतो व ती श्रोत्यावर येते. विश्वास ठेवावा की ठेवू नये, या दोलायमानतेतूनच गूढता निर्माण होते.

संदिग्धता व्याकरणात असली की कथा साधते, असे मात्र नव्हे. दैनंदिन व्यवहारात संदर्भ ती तत्काळ दूर करतो. तो संदर्भ किती काळ रोखून धरावा, हे ठरविण्यात कथाकाराचे कौशल्य असते.

या विवेचनास एक व्यावहारिक बाजूही आहे. झाडीपट्टीतील मौखिक कथांचे संकलन करणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत त्या उतरविताना ‘म्हणे’ हे पद पाल्हाळ समजून गाळील व ‘कोणी तरी’ अशी पुस्ती जोडून वाक्ये नीटनेटकी करील, तर घटना उरतील, गूढ नाहीसे होईल. नंतर ‘आमच्याकडे गॉथिक परंपरा नाही’ असा निष्कर्ष काढला जाईल, आणि तो आपल्याच संपादनाचा परिणाम असेल. म्हणून निवेदकाचे वाक्य जसेच्या तसे नोंदविणे, हे या क्षेत्रातील अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.