मूलकणांचा शोध आणि टक्करयंत्रातील महाकाय शोधक

पदार्थाच्या मुळाशी असलेले नवे कण शोधण्यासाठी मानवाने उभारलेल्या साधनांत 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' हे सर्वांत मोठे आणि सर्वाधिक शक्तिशाली टक्करयंत्र आहे. जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल असलेल्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात 'सर्न' या युरोपीय संशोधन संस्थेने ते बसवले आहे. प्रोटॉनांचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले जातात आणि चार ठिकाणी त्यांची टक्कर घडवली जाते. या चारही ठिकाणी शोधक, म्हणजेच डिटेक्टर, बसवण्यात आले आहेत. त्यांपैकी 'ॲटलास' आणि 'सीएमएस' या दोन शोधकांनी २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनचा शोध लावला.

हे शोधक म्हणजे प्रचंड सूक्ष्मदर्शक होत, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो बरोबर नाही. नवा कण शोधकाला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. हिग्ज बोसॉन निर्माण झाल्यानंतर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाइतकाही काळ टिकत नाही आणि जन्मस्थानापासून दूर जाण्याआधीच त्याचे अन्य कणांत विघटन होते. शोधकाच्या हाती लागतात ते केवळ हे अवशेष. त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजून मूळ कणाचे वस्तुमान गणिताने काढावे लागते. त्यामुळे शोधकाची रचना ही मुख्यतः मोजमापाची रचना आहे.

सीएमएस या नावातील पहिले अक्षर 'कॉम्पॅक्ट' म्हणजे आटोपशीर या शब्दाचे आहे. प्रत्यक्षात हे यंत्र २१ मीटर लांब, १५ मीटर व्यासाचे आणि १४ हजार टन वजनाचे आहे. ॲटलासची लांबी ४६ मीटर असली तरी त्याचे वजन याच्या निम्मेच, सात हजार टन आहे. सीएमएसच्या मध्यभागी सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचे थर आहेत. विद्युतभारित कण त्यांतून जाताना आपल्या वाटेच्या खुणा ठेवतो आणि चुंबकीय क्षेत्रात ती वाट किती वळली यावरून त्याचा संवेग समजतो. त्याबाहेर लेड टंगस्टेटचे सुमारे ७५ हजार स्फटिक आहेत. काचेसारखे पारदर्शक, परंतु पोलादापेक्षाही जड असलेले हे स्फटिक इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची ऊर्जा मोजतात. प्रोटॉनसारख्या कणांसाठी पुढे पितळेचे जाड थर आहेत. यातील काही पितळ रशियन नौदलाच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील तोफगोळ्यांची आवरणे वितळवून मिळवण्यात आले होते.

चुंबकाच्या वेटोळ्याबाहेरील एका थराशी मुंबईचा थेट संबंध आहे. पितळेच्या थरांना चुंबकाच्या आत मर्यादित जागा मिळाल्याने अतिशय जोमदार कणांची काही ऊर्जा त्यांतून निसटते. ती टिपण्यासाठी बाहेरच्या बाजूस चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या फरशा बसवण्यात आल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या सहकार्याने हा भाग तयार केला. वरवर हे काम दुय्यम वाटेल, परंतु नव्या कणांच्या शोधात त्याचे महत्त्व मोठे आहे. कृष्णद्रव्याचा कण टकरीतून निर्माण झालाच, तर तो कोणत्याही थरात खूण न ठेवता निघून जाईल. झोताच्या आडव्या दिशेतील संवेगाची बेरीज शून्य भरली नाही, तरच त्याचा सुगावा लागेल. साध्या कणाची ऊर्जा नुसतीच गळून गेली तरी हिशेबातील तूट तशीच दिसते. अशी गळती न मोजल्यास शास्त्रज्ञांना अस्तित्वातच नसलेल्या कणाचा भास होण्याचा धोका असतो.

भारताचा सहभाग एवढ्यापुरता मर्यादित नाही. बोगद्यातील चुंबक अचूक जागी टेकवून धरणारे सुमारे सात हजार जॅक भारतातून पुरवण्यात आले. 'ॲलिस' या शोधकासाठी कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेने 'मानस' ही चिप विकसित केली. जानेवारी २०१७ मध्ये भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला.

शोधकाने मोजलेले सर्व काही जतन केले जाते, असेही नाही. प्रोटॉनांचे पुंजके दर सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. एवढी माहिती साठवणे अशक्य असल्याने इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काही मायक्रोसेकंदांत निवड करून त्यांपैकी सुमारे एक लाख घटना पुढे पाठवते. संगणक त्यांतून हजारभर ठेवतात. उरलेले कायमचे नष्ट होते आणि ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. काय ठेवायचे याचे निकष माणसांनी आधीच ठरवलेले असतात, हीच या पद्धतीतील सर्वांत मोठी जोखीम म्हटली पाहिजे. एखादा नवा कण अपेक्षेपेक्षा थोडा अधिक काळ टिकून मध्यबिंदूपासून दूर विघटन पावत असेल, तर जुन्या निकषांनुसार तो गाळला जाण्याची शक्यता होती. २०२२ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात अशा घटनांसाठी निवडीचे नवे निकष लागू करण्यात आले.

त्यानंतर प्रश्न येतो तो आलेखातील उंचवट्यांचा. हिग्ज बोसॉन सुमारे शंभर कोटी टकरींमागे एकदा निर्माण होतो आणि त्याचे दोन फोटॉनांत विघटन हजारात दोनदाच होते. फोटॉनांच्या जोड्या मात्र अन्य साध्या प्रक्रियांतूनही विपुल प्रमाणात मिळतात. नवा कण असल्यास त्याच्या वस्तुमानाच्या जागी जोड्यांची संख्या थोडी वाढलेली दिसते. ही वाढ योगायोगाची नाही, असे म्हणण्यासाठी 'पाच सिग्मा' ही कसोटी रूढ आहे. योगायोगाने तेवढा उंचवटा मिळण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असते. आपल्याला हवे तेच दिसू नये म्हणून सीएमएसच्या शास्त्रज्ञांनी २०१२ च्या माहितीतील नेमका अपेक्षित भाग जूनच्या मध्यापर्यंत स्वतःपासूनच झाकून ठेवला होता. ४ जुलै २०१२ रोजी दोन्ही शोधकांनी सुमारे १२५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमानाच्या कणाची घोषणा केली. वृत्तपत्रांनी त्याला 'देवकण' म्हटले. शास्त्रज्ञांना हे नाव फारसे रुचले नाही.

ही कसोटी इतकी कठोर का, याचे उत्तर साडेतीन वर्षांनी मिळाले. १५ डिसेंबर २०१५ रोजी दोन्ही शोधकांनी ७५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ फोटॉनांच्या जोड्यांचा उंचवटा दिसत असल्याचे जाहीर केले. ॲटलासमध्ये त्याची तीव्रता साडेतीन सिग्मांहून अधिक, तर सीएमएसमध्ये सुमारे अडीच सिग्मा होती. दोन स्वतंत्र यंत्रांत एकाच जागी संकेत मिळाल्याने उत्साह पसरला आणि काही महिन्यांत ५०० हून अधिक सैद्धांतिक शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागो येथील परिषदेत चौपटीच्या आसपास माहिती तपासून निष्कर्ष मांडण्यात आले, तेव्हा तो उंचवटा नाहीसा झाला होता. कोणाचीही चूक झाली नव्हती. एका माणसाने दहा वेळा नाणे उडवून दहाही वेळा छापा पडला तर नवल वाटते. तेच दहा हजार माणसांनी केले, तर कुणाच्या तरी हातून ते घडतेच. आलेखात शेकडो ठिकाणी उंचवटे शोधताना असाच प्रकार होतो. प्रयोगकर्त्यांनी 'शोध' हा शब्द वापरण्याचे कटाक्षाने टाळले होते, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

१९८३ मध्ये सर्नमध्येच डब्ल्यू आणि झेड बोसॉन आढळले होते. १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत टॉप क्वार्कचा शोध लागला. तेथील 'डी-झिरो' प्रयोगात मुंबई, दिल्ली आणि चंडीगडचे शास्त्रज्ञ सहभागी होते. हिग्जनंतर मात्र एकही नवा मूलकण सिद्ध झालेला नाही. या टक्करयंत्राने सत्तरहून अधिक नवे हॅड्रॉन उजेडात आणले असले, तरी ते क्वार्कांपासून बनलेले संयुक्त कण आहेत. टकरींची संख्या मोठ्या प्रमाणात वाढवण्यासाठी यंत्राचे नूतनीकरण हाती घेण्यात आले असून २०३० च्या सुमारास ते नव्या रूपात सुरू करण्याची योजना आहे. तेव्हा पुंजक्यांच्या एकाच भेटीत १४० ते २०० टकरी होतील. त्यांतील कोणता कण कोणत्या टकरीतून आला हे ओळखण्यासाठी सीएमएसच्या दोन्ही टोकांचे ऊर्जामापक काढून त्या जागी सिलिकॉनचे नवे थर बसवले जाणार आहेत.