पिशवी काढायची की रिकामी करायची?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने दातांवर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पूर्ण ज्ञान हाती नसताना निर्णय कसा घ्यायचा, हा आमचा जुना प्रश्न. दाताच्या मुळाशी होणाऱ्या मोठ्या सिस्टच्या इतिहासात तोच भेटतो.

दात किडून आतली नस मेली, की कधीकधी मुळाच्या टोकाशी द्रवाने भरलेली पिशवी तयार होते. ती बहुतेक वेळा दुखत नाही. मात्र हळूहळू फुगते आणि भोवतालचं हाड झिजवते. मोठी पिशवी अख्खी काढायची, तर शेजारचे चांगले दात आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस धोक्यात येते. जबडाही कमकुवत होतो.

१८९२ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ३ वर्षं आधी, ब्रेस्लाऊचे शल्यचिकित्सक कार्ल पार्ट्श यांनी वेगळी वाट दाखवली. पिशवीला तोंडाच्या बाजूने खिडकी पाडायची आणि ती उघडी ठेवायची. आतला दाब गेला की वाढ थांबते, पोकळी आकसते, हाड भरत येतं. महिने लागतात, पण भरतं.

पुढे वारं फिरलं. १९१० साली ब्रिटिश डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. तोंडातला जंतुदोष सगळं शरीर आजारी पाडतो, असा त्यांचा रोख होता. त्यानंतरच्या लाटेत वाचवता आले असते असे असंख्य दात उपटले गेले. संशय आला की काढा दात!

१९७२ मध्ये मूळचे भारतीय, अमेरिकी सैन्यातले दंततज्ज्ञ एस. एन. भास्कर यांनी मांडलं, की रूट कॅनॉलच्या उपचारानेही अशा सिस्ट भरून येऊ शकतात. १९९६ मध्ये झुरिचच्या नायर यांनी मुळांवरच्या २५६ नमुन्यांची सूक्ष्म तपासणी प्रसिद्ध केली. त्यात सिस्ट निघाल्या १५ टक्के, आणि त्यांच्याही दोन जाती. एकीचं तोंड मुळाच्या नळीत उघडतं. नळी स्वच्छ केली की ती बरी होण्याची शक्यता मोठी. दुसरी चहूबाजूंनी बंद. ती बहुधा दाद देत नाही.

मेख अशी, की कोणती जात आहे हे साध्या एक्स-रेवरून ठरवता येत नाही. म्हणून आधी कमी नुकसानीचा उपाय करायचा, काही महिने नजर ठेवायची, हाड भरलं नाही तरच शस्त्रक्रिया. खिडकी पाडताना अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचाच, कारण दुसरे आजारही एक्स-रेत असेच दिसतात.

तेव्हा डॉक्टर ‘थांबून पाहू’ म्हणाले, तर दोनच गोष्टी विचारा: काय पाहायचं, आणि कधीपर्यंत? याची उत्तरं असतील, तर ते थांबणं हा उपचारच आहे.