शिडीवरचा प्रोग्राम

परवा जेवताना टीममधला एक ज्युनियर म्हणाला, "लॅडर लॉजिक? ते काय प्रोग्रामिंग आहे का राव!" मी हसून विषय बदलला. पण आयटीत येण्याआधी दोन वर्षं मी चाकणला एका गाड्यांच्या कारखान्यात कंट्रोल्स इंजिनियर होतो. वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा शनिवार त्यावर.

१९६०च्या दशकात कारखान्यातलं लॉजिक म्हणजे रिले. क्लॅम्प बसला का, दार लागलं का, मगच ड्रिल खाली येऊ दे... एवढ्या साध्या अटीसाठीसुद्धा कॉइल, काँटॅक्ट आणि वायरी. कपाटंच्या कपाटं भरून. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं उसकटायचं आणि नव्या ड्रॉइंगप्रमाणे परत जोडायचं. एखादा काँटॅक्ट चिकटला तर शोधत बसा. (आपल्याकडे निदान कंट्रोल-एफ आहे!)

१९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनी, रिलेंच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर हवा अशी मागणी काढली. प्रोग्राम सहज बदलता यावा आणि डबा शॉप फ्लोअरवर टिकावा, अशी अपेक्षा. गंमत म्हणजे त्याच वर्षी १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्सच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या डिक मॉर्लीने अशाच यंत्राचा आराखडा लिहून ठेवला होता. थर्टी फर्स्टची उतरलेली नसताना, असं तो स्वतःच सांगायचा. कंपनीचा ८४वा प्रोजेक्ट, म्हणून नाव मॉडिकॉन ०८४. पहिला पीएलसी तो हाच, असं सहसा मानतात.

आता मुद्द्याचं. या डब्याला भाषा कुठली द्यायची? फोरट्रान होती, असेंब्ली होती. पण मशिनशी उभा राहणारा इलेक्ट्रिशियन रिलेची ड्रॉइंग वाचायचा. म्हणून तीच ड्रॉइंग भाषा झाली. दोन उभ्या रेघा म्हणजे सप्लाय, मधल्या आडव्या पायऱ्यांवर काँटॅक्ट. सीरिजमध्ये जोडले की 'आणि', पॅरललमध्ये 'किंवा'. डबा वरून खाली पायऱ्या सोडवतो, आउटपुट बदलतो आणि परत पहिल्यापासून. इन्फिनिट लूपच की!

हे मला कॉलेजात कळलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका वेल्डिंग स्टेशनचं लॉजिक स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिलं. फॉर लूप, ॲरे, एकदम झकास. आठवड्यात रात्री दोनला फोन. लाइन बंद. मी पोचेपर्यंत ४० मिनिटं गेली. कारण निघालं एक सैल झालेला प्रॉक्सिमिटी सेन्सर. लॅडर असतं तर कुठला काँटॅक्ट उघडा आहे ते स्क्रीनवर दिसलं असतं.

शिफ्टचे इलेक्ट्रिशियन काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, हे तुम्हाला कळतं. पण रात्री इथं मी असतो."

रविवारी बसून सगळं लॅडरमध्ये परत लिहिलं. १९ पायऱ्या झाल्या. सोमवारी काकांनी त्याची प्रिंट मागितली, चौथ्या पायरीवर पेनाने सेन्सरचा नंबर लिहिला आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली.